येळ्ळूरचे मत आणि बेळगाव दक्षिणची आमदारकी

बेळगाव शहराच्या दक्षिणेस वडगाव मागे पडले की भाताचे शिवार सुरू होते. त्या शिवाराच्या पलीकडे येळ्ळूर आणि पाठीशी राजहंसगड. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर मसूर, असा येथील शेतीचा क्रम आहे. बेळगावच्या बासमतीचा लौकिक ज्या शिवारांनी राखला, त्यांत हे एक. चांगळेश्वरी ही गावची देवी. तिच्या यात्रेत कुस्त्यांचा फड ज्या मैदानात भरतो त्याला गावकऱ्यांनी नाव दिले आहे ‘महाराष्ट्र मैदान’. ज्या गावाने कुस्तीच्या मैदानालाही आपल्या मनातील राज्याचे नाव दिले, त्या गावाने कर्नाटकाच्या विधानसभेवर कोणाला पाठविले आणि का पाठविले, ही साधी चौकशी नव्हे. तिच्यात अर्धशतकाहून जुनी एक अडचण दडलेली आहे.

आमदाराच्या कारकिर्दीचा हिशेब मांडण्याची एक रुळलेली रीत आहे. किती वेळा निवडून आले, किती मतांनी आले, कोणती खाती सांभाळली, मतदारसंघात काय केले, हे क्रमाने सांगितले की चरित्र पुरे होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे या रीतीचे सर्वांत उजळ उदाहरण. १९६२ मध्ये ते प्रथम निवडून आले आणि २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने अकरा वेळा विधानसभेत गेले. १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले, तरी पुन्हा त्याच मतदारांपुढे उभे राहिले. त्यांच्या मतदारांचा मुख्य प्रश्न दुष्काळी भागाला पाणी मिळण्याचा होता. तो सोडविण्याची सत्ता ज्या सभागृहाकडे होती, त्याच सभागृहात त्यांना पाठविले जात होते. मागणे आणि देणारा एकमेकांसमोर होते. झगडा लांबला तरी त्याची दिशा सरळ होती.

येळ्ळूरच्या आमदाराला ही सोय कधी लाभली नाही. त्याच्या मतदाराचे पहिले मागणे असे की, हे गाव ज्या राज्यात आहे त्या राज्यात ते असू नये. आणि हे मागणे घेऊन जावयाचे ते त्याच राज्याच्या विधानसभेत! संविधानाचा अनुच्छेद ३ पाहिला तर राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार एकट्या संसदेचा आहे. संबंधित राज्याच्या विधानमंडळाकडे राष्ट्रपती विधेयक अभिप्रायासाठी पाठवितात, परंतु तो अभिप्राय संसदेवर बंधनकारक नसतो. म्हणजे ज्या एका प्रश्नासाठी माणूस निवडून द्यावयाचा, त्या प्रश्नावर निर्णय देण्याचा अधिकार त्या सभागृहाला नाहीच. शिवाय मत एकच असते. त्याच एका मतातून गटार, रस्ता, शाळेची खोली आणि पिकाची भरपाई यांचेही उत्तर मिळवावयाचे असते. मतपत्रिकेवर शिक्का एक आणि प्रश्न मात्र दोन, हीच ती जुनी अडचण. येथील निवडणुकांचे आकडे याच दृष्टीने वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

अशा आमदाराने शपथ कशी घ्यावी, असा खोचक सवाल अधूनमधून केला जातो. त्याचे उत्तर शपथेतच आहे. विधानसभा सदस्य संविधानाविषयी निष्ठेची आणि, १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर, भारताची सार्वभौमता व एकात्मता राखण्याची शपथ घेतो. कोणत्याही एका राज्याच्या हद्दीविषयी त्या शपथेत अक्षर नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची मागणी ही भारतातल्या भारतात केलेली मागणी आहे. ती करणाऱ्याच्या निष्ठेविषयी शंका घेणाऱ्यांनी शपथेचा मजकूर एकदा वाचलेला बरा.

या कथेची सुरुवात निवडणुकीत झालेली नाही. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. साहित्याच्या मंडपातून राजकारणाची एवढी मोठी चळवळ निघाल्याची उदाहरणे थोडीच आढळतील. ग्रंथालयाच्या या व्यासपीठावर तिची आठवण अप्रस्तुत होणार नाही. पुढे १९५६ च्या जानेवारीत केंद्र सरकारचा निर्णय जाहीर होताच बेळगाव-निपाणी भागात उद्रेक झाला. १७ जानेवारी हा दिवस तेव्हापासून सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला.

चारच महिन्यांनी, १९५७ च्या आरंभी, सार्वत्रिक निवडणूक आली. बेळगाव शहरातून बा. रं. सुंठणकर निवडून आले आणि १९६२ मध्येही त्यांनी जागा राखली. १९६२ च्या म्हैसूर विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचे ६ सदस्य होते. त्या काळी दोन प्रश्नांची अडचण जाणवत नव्हती, कारण मतदाराच्या लेखी प्रश्न एकच होता. विकासाची भाषा अजून गावात पोहोचावयाची होती. उमेदवार कोण, त्याचा स्वभाव कसा, हेही गौण होते. मत ही एक नोंद होती, जणू गावाने सरकारदरबारी दिलेला अर्ज. अर्जावर उत्तर लवकर येईल अशी श्रद्धाही होती.

उत्तर आले ते महाजन आयोगाच्या रूपाने. ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे कर्नाटकाला आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, असा त्याचा सारांश. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटकाने तो अखेरचा मानला आणि अहवालाची अंमलबजावणी झालीच नाही. यानंतरच्या निवडणुकांत समितीचे उमेदवार येत राहिले, परंतु अर्जाला उत्तर मिळेल ही श्रद्धा हळूहळू सवयीत बदलत गेली. सवय ही श्रद्धेपेक्षा टिकाऊ असते खरी, पण तिला फाटेही लवकर फुटतात.

१९९६ ची लोकसभा निवडणूक ही विधानसभेची नव्हे, तरीही ती येथे सांगितलीच पाहिजे. त्या वर्षी बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी समितीने योजिलेला हा उपाय होता. एवढी नावे एका कागदावर मावणे अशक्य. मतपत्रिका छापण्यासाठी वेळ लागला, मतदान पुढे ढकलावे लागले. त्याच निवडणुकीत आंध्रातील नलगोंडा येथे ४८० आणि तमिळनाडूत मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. प्रत्येक ठिकाणचे गाऱ्हाणे वेगळे, हत्यार मात्र एकच. परिणाम असा झाला की त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेच्या सर्वसाधारण जागेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली, विधानसभेची २५० वरून ५,०००. अपक्षाच्या अर्जाला दहा सूचकांच्या सह्या लागू लागल्या. सीमाभागातल्या शेतकऱ्यांच्या नाराजीने देशाच्या निवडणूक कायद्यात भर घातली. सीमा मात्र तसूभर हलली नाही.

दहा सूचकांची ही अट ज्यांच्या गाऱ्हाण्यातून आली, त्यांच्याच वाट्याला ती कायमची आली. समिती हा आज मान्यताप्राप्त पक्ष नाही. १९६२ च्या सरकारी निकालपत्रात तिचे नाव स्वतंत्रपणे छापलेले सापडते, पण २०१३ च्या निकालपत्रात तिला शोधू गेले तर तिच्या विजयी उमेदवारांपुढे ‘अपक्ष’ एवढाच शब्द आढळतो. राखीव चिन्ह नसल्यामुळे प्रत्येक निवडणुकीत मिळेल ते चिन्ह घ्यावयाचे आणि दोन आठवड्यांत ते घरोघर पोहोचवावयाचे. राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराला जे आयते मिळते, ते समितीच्या उमेदवाराला पायपीट करून मिळवावे लागते. निकालांची तुलना करताना ही विषमता सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

१९९९ मध्ये बेळगाव शहराची जागा काँग्रेसचे रमेश कुडची यांनी जिंकली आणि २००४ मध्येही राखली. जेथून समितीचा आवाज १९५७ मध्ये विधानसभेत गेला, तेथेच हा बदल घडला. याच २००४ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. संसदेच्या बरोबरीने आता न्यायालयाकडेही डोळे लागले आणि आमदाराच्या हाती उरलेला अधिकार आणखी आक्रसला. त्याच वर्षी हिरेबागेवाडीच्या बाजूच्या बागेवाडी मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाचे अभय पाटील प्रथम निवडून आले.

२००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली. नव्या रचनेप्रमाणे देशात झालेली पहिली विधानसभा निवडणूक कर्नाटकाचीच. बेळगाव शहर, उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ इतिहासजमा झाले आणि बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण व बेळगाव ग्रामीण अशी नवी नावे आली. येळ्ळूर दक्षिणेत आले. हा मतदारसंघ मोठा चमत्कारिक आहे. टिळकवाडीची नोकरदार वस्ती, एकेकाळी सांगली संस्थानात असलेले शहापूर, वडगाव-खासबागचे विणकर, अनगोळसारखी शहराने गिळलेली जुनी गावे आणि शहराच्या हद्दीबाहेर आपली ग्रामपंचायत सांभाळून असलेले येळ्ळूर, हे सारे एका मतयंत्रात आले. शहापुरातल्या व्यापाऱ्याला हवा असलेला आमदार आणि येळ्ळूरच्या भातशेतकऱ्याला हवा असलेला आमदार एकच असेल, असे गृहीत धरण्याचे कारण नव्हते.

या नव्या मतदारसंघाचे पहिले आमदार अभय पाटील झाले. त्या निवडणुकीत समितीला राज्यात एकही जागा मिळाली नाही, आणि सीमाप्रश्न संपला असे निदान अनेकांनी घाईने करून टाकले.

ते निदान पाच वर्षांत खोटे ठरले. २०१३ मध्ये समितीने बेळगावचे महापौरपद एकाहून अधिक वेळा भूषविलेले संभाजी पाटील यांना दक्षिणेत उभे केले. त्यांना सुमारे ५४ हजार मते मिळाली आणि अभय पाटील यांचा सहा हजारांवर मतांनी पराभव झाला. खानापुरातून अरविंद पाटील विजयी झाले. भारतीय जनता पक्ष त्या वर्षी राज्यभर फुटीने दुबळा झाला होता, हे खरे. परंतु दक्षिणेतील मराठी मत एकवटल्याखेरीज तो दुबळेपणा समितीच्या पदरात पडला नसता.

संभाजी पाटील यांच्या वाट्याला आलेली पाच वर्षे या आमदारकीचा पेच स्पष्ट करतात. कर्नाटक विधानमंडळाचे पहिले बेळगाव अधिवेशन २००६ मध्ये भरले, आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. ती वास्तू बांधण्यामागचा हेतू लपलेला नव्हता. बेळगाव आमचेच, हे दगडात कोरून सांगावयाचे होते. अधिवेशनाला विरोध म्हणून समितीने बाहेर महामेळावा घेण्याचा पायंडा पाडला. आता समितीचाच माणूस सभागृहाचा सदस्य झाला. ज्या अधिवेशनाचा निषेध बाहेर मंडपात व्हावयाचा, त्याच अधिवेशनात आत त्याची खुर्ची मांडलेली! तो आत गेला नाही, तर रस्त्याचा आणि पाण्याचा प्रश्न कोण विचारणार? आणि आत गेला, तर बाहेरच्यांना काय सांगणार? शिवाय आत बोलावयाचे कोणत्या भाषेत? अनुच्छेद २१० प्रमाणे कामकाजाची भाषा राज्यभाषा, हिंदी किंवा इंग्रजी. मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊ शकतात, तीही ज्याला या भाषांतून नीट व्यक्त होता येत नाही अशाला. मराठीत बोलण्यासाठी आपली असमर्थता कबूल करावी, अशी ही विचित्र सवलत आहे.

त्यांच्या कारकिर्दीची खरी परीक्षा मात्र सभागृहाबाहेर, येळ्ळूरच्या वेशीवर झाली. ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक गावाच्या प्रवेशापाशी कित्येक वर्षे उभा होता. तो हटवावा असा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने दिला आणि २५ जुलै २०१४ रोजी प्रशासनाने बंदोबस्तात तो काढला. गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभारला. २७ जुलैला पोलीस परत आले, फलक पुन्हा पाडला गेला आणि गावात लाठीमार झाला. घरांत शिरून झालेल्या मारहाणीची दृश्ये महाराष्ट्रभर पाहिली गेली. गावकऱ्यांवर खटले भरले गेले आणि ते वर्षानुवर्षे चालले. तारखांना हजर राहणारे बहुतेक शेतकरी होते. भाताच्या रोपलागणीच्या दिवसांत कोर्टाची पायरी चढणे म्हणजे काय, हे शेती करणाराच जाणे.

या प्रसंगी आमदाराच्या हाती काय होते? पोलीस राज्य सरकारचे, आदेश न्यायालयाचा आणि सीमेचा निर्णय दिल्लीत. तो सभागृहात आवाज उठवू शकत होता, चौकशी मागू शकत होता, जखमींच्या उशाशी बसू शकत होता. फलक परत उभा करणे त्याच्या अधिकारात नव्हते. ज्या मताने त्याला निवडले त्या मताचा गाभा म्हणजे तो फलक, आणि आमदार असूनही त्याला तो राखता येत नव्हता. या घटनेवरून कोणी त्याला बोल लावला तर तो न्याय होणार नाही. एका आमदारकीवर किती ओझे टाकावयाचे, यालाही मर्यादा असावी.

त्या ओझ्याला नाकारणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती हलकी नाही. वडगाव-येळ्ळूर शिवारात दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी शिरते, उगवलेले भात कुजते. हलगा-मच्छे वळणरस्त्यासाठी सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी न्यायालयात झगडत राहिले. येथे मंत्र्याच्या दालनात वजन असलेला माणूस हवा, सत्ताधारी पक्षाचा हवा, असे म्हणणारा मराठी शेतकरी सीमाप्रश्नाशी बेइमान झाला असे मानण्याचे कारण नाही. त्याने शिक्का दुसऱ्या प्रश्नावर मारला, एवढेच.

२०१८ मध्ये समितीने स्वतःचे घर स्वतः फोडले. दोन गट पडले आणि दक्षिणेत समितीचे म्हणून दोन उमेदवार रिंगणात आले. अभय पाटील यांना ८४ हजारांहून अधिक मते मिळाली आणि फरक ५८ हजारांवर गेला. दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेस, समिती त्याच्याही मागे. विधानसभेत पुन्हा शून्य. या पराभवाचे खापर कोणा परपक्षावर फोडता येणार नाही. ज्या प्रश्नासाठी माणसे हुतात्मा झाली, त्या प्रश्नावर एका उमेदवाराचे नाव ठरू नये, हे मतदाराला उबग आणणारे होते, आणि त्याने तो व्यक्त केला.

मात्र येथेही निदानाची घाई करू नये. रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांच्या निधनामुळे एप्रिल २०२१ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीने शुभम शेळके या तरुणाला उभे केले आणि त्याला १,१७,१७४ मते पडली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते अवघे ५,२४०. तीन वर्षांपूर्वी संपल्यासारखी वाटलेली समिती लाखाच्या पुढे गेली! आणि लगेच पाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, बेळगाव महानगरपालिकेच्या ५८ जागांपैकी ३५ भारतीय जनता पक्षाने घेतल्या. दोन्ही वेळा शहरात मतदार तेच होते. दिल्लीची निवडणूक आली तेव्हा अनेकांनी पहिल्या प्रश्नाला उत्तर दिले आणि पालिकेची आली तेव्हा दुसऱ्या. मतदार गोंधळलेला नव्हता. कोणते पत्र कोणत्या कचेरीत टाकावे, हे त्याने ओळखले होते.

विधानसभा या दोहोंच्या मध्ये येते, म्हणून तेथील कौल सर्वांत दोलायमान. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधानमंडळाने सीमेची इंचभर जागा न देण्याचा आणि पाठोपाठ महाराष्ट्र विधानमंडळाने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव एकमताने केला. दोन्ही सभागृहांत त्याच राष्ट्रीय पक्षांचे सदस्य बसले होते, आणि बंगळूरला एक व मुंबईला दुसरे बोलताना कोणालाही अडचण वाटली नाही. सीमाभागातल्या आमदाराला मात्र असे दोन तोंडांनी बोलता येत नाही, कारण त्याचा मतदार दोन्हीकडची वर्तमानपत्रे वाचतो.

मे २०२३ च्या निवडणुकीत समितीने चूक सुधारली. दक्षिणेत रमाकांत कोंडुसकर हे एकच उमेदवार ठेवले. अभय पाटील यांना सुमारे ७७ हजार मते पडली आणि सुमारे १२ हजारांच्या फरकाने ते पुन्हा निवडून आले. बागेवाडी धरून त्यांचा हा चौथा विजय. समितीला राज्यात याही वेळी एकही जागा नव्हती. पण कोंडुसकर यांच्या नावापुढे ६४ हजारांहून अधिक मते होती. संभाजी पाटील ज्या मतांवर २०१३ मध्ये आमदार झाले, त्यापेक्षा ती सुमारे दहा हजारांनी जास्त होती.